कच्चा लिंबू

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला शाखा)

कुणी जरा विचित्र वागला की आपल्याकडे लोक हसून म्हणतात, "याला ठाण्याला पाठवा." ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे, तेव्हा हा विनोदही तसा जुनाच असणार. मीसुद्धा तो मैत्रिणींत कितीदा केला आहे. पण २०२२ च्या जुलै महिन्यात आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी माझ्या धाकट्या भावाच्या कागदावर ठाण्याच्या एका समुपदेशक बाईंचे नाव लिहून दिले आणि आमच्या आजीने कपाळाला हात लावला. "ठाण्याला? एवढ्याशा पोराला?" तिला समजावता समजावता आईची पुरेवाट झाली. ठाण्यात त्या इस्पितळाशिवाय तलावपाळी आहे, गडकरी रंगायतन आहे आणि मुलांच्या मनाचे दुखणे पाहणारी साधी माणसेही आहेत, हे तिला पटायला दोन दिवस लागले.

भावाचे दुखणे वरून काही दिसत नव्हते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो बालवाडीत होता. पहिली आणि जवळजवळ सगळी दुसरी बाबांच्या मोबाइलवर झाली. बाबा रिक्षा चालवतात. ते धंद्यावर निघाले की शाळाही त्यांच्या खिशातून निघून जाई. मग जून २०२२ मध्ये तो एकदम तिसरीच्या वर्गात, साठ मुलांच्या गोंगाटात जाऊन बसला. आठ दिवसांत सकाळी पोट दुखू लागले. प्यायलेले दूध उलटून पडू लागले. शाळेच्या फाटकापाशी तो आईचा पदर सोडीना. हजेरी घेताना नाव पुकारले की त्याच्या तोंडून 'हजर' हा शब्दच फुटत नसे, म्हणून पहिल्या बाकावर बसूनही त्याची गैरहजेरी लागली होती. एका महिन्यात सात दिवस!

आम्ही काय काय केले ते सांगत बसत नाही. मीठमोहऱ्या झाल्या, ओव्याचा अर्क झाला, जंताचे औषध झाले. बाबांनी एकदा फटका दिला आणि मग स्वतःच रात्री जेवले नाहीत. शेवटी डॉक्टर म्हणाले, "पोटात काही नाही हो. पोरगा घाबरतोय." घाबरणे हे दुखणे असू शकते, हे आमच्या घराला नवीन होते. आमच्या घरात दहावी झालेली मी पहिलीच. त्यामुळे विजेच्या बिलापासून रेशनच्या अर्जापर्यंत सगळे कागद माझ्याकडे येतात, हाही आला. मी अकरावीत होते. दुपारच्या रिकाम्या गाडीने आई, भाऊ आणि मी डोंबिवलीहून ठाण्याला गेलो. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, सगळा वेळ त्याने माझी ओढणी मुठीत धरली होती.

त्या बाईंच्या खोलीत टेबलखुर्ची होती, पण त्या खाली सतरंजीवर बसल्या. शेजारी वाळूने भरलेली एक मोठी परात, प्लॅस्टिकचे प्राणी, दोनचार बाहुल्या, खडू. त्यांनी त्याला नावसुद्धा विचारले नाही. त्याने बराच वेळ काहीच केले नाही. मग एकेक प्राणी उचलून वाळूत पुरायला लागला. सगळे पुरून झाले. बाई बघत बसल्या. अर्ध्या तासाने त्याने एक कुत्रा बाहेर काढून परातीच्या काठावर ठेवला. वेळ संपली. येताना आई गप्प होती. मला माहीत होते की ती तिकिटाचा आणि फीचा हिशेब करत होती. खरे सांगायचे तर मीही मनात म्हणाले, एवढ्याचसाठी आलो?

असे तीनदा गेलो. चौथ्यांदा जमेना. मी तसे फोनवर स्पष्ट सांगितले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, "घराजवळ मैदान आहे का?" मी म्हटले, आहे. "मग रोज संध्याकाळी त्याला घेऊन तासभर तिथे बस. खेळ म्हणायचं नाही आणि नको पण म्हणायचं नाही. त्यानं मागे वळून पाहिलं की तू तिथे दिसली पाहिजेस. एवढंच तुझं काम. महिन्यानं मला सांग."

मला हे फसवल्यासारखे वाटले. डॉक्टरांनी औषध न देता 'हवापालट करा' म्हणावे तसे. पण फुकटचे होते, म्हणून गेले.

पहिले आठ दिवस आम्ही दोघे कठड्यावर बसून राहिलो. मी वाणिज्यवाल्या शेजारणीचे जुने इंग्रजीचे पुस्तक वाचत असे. तो माझ्या पाठीमागे. पुढे मुले डबा ऐसपैस खेळत. नवव्या की दहाव्या दिवशी तो कठड्यावरून उतरला आणि खडे वेचू लागला. मग खडे वेचत वेचत जरा लांब जाऊ लागला. दर दोन मिनिटांनी मान वळवून पाही. एकदा माझी मैत्रीण भेटली म्हणून मी चार पावले बाजूला गेले, तर त्याने असा टाहो फोडला की दोन दिवस पुन्हा पाठीमागेच. तेव्हा मला 'तू तिथे दिसली पाहिजेस' याचा अर्थ कळला.

तिसऱ्या आठवड्यात एक मुलगा, असेल दहाएक वर्षांचा, डबा काखेत मारून आमच्यापुढे उभा राहिला. "ताई, हा खेळणारे का? कच्चा लिंबू घेतो आम्ही."

प्राध्यापक मंडळींपैकी कुणी विसरले असेल म्हणून सांगते. कच्चा लिंबू म्हणजे खेळात असलेला, पण बाद न होणारा गडी. तो पळतो, लपतो, ओरडतो. पण पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. बहुधा कुणाचे तरी लहान भावंड असते, किंवा नवखा, किंवा लंगडणारा. ही सवलत कुठल्या बाईंनी किंवा सरांनी काढलेली नाही. आपल्या गल्ल्यांतल्या पोरांनीच ती काढली आणि आपल्या पुढच्या पोरांना दिली. मीही कच्चा लिंबू होते, तुम्हीही असाल.

माझा भाऊ त्या दिवशी उठला नाही. दुसऱ्या दिवशी उठला. गणपती झाले, नवरात्र झाले, तो कच्चा लिंबूच होता. दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी राज्य कुणावर यावरून भांडण चालले असताना हा मध्येच म्हणाला, "आता मी पक्का." आणि त्याच दिवशी त्याच्यावर राज्य आले. विजेच्या खांबाला तोंड लावून, डोळे मिटून त्याने मोठ्याने म्हटले, "दहा, वीस, तीस, चाळीस..." शंभरापर्यंत. वर्गात ज्याला 'हजर' म्हणता येत नव्हते तोच हा मुलगा. मी कठड्यावर बसून ऐकत होते. पुस्तकात लक्ष नव्हते.

हे सगळे मी भावाचे कौतुक म्हणून लिहीत नाही. पुढे महाविद्यालयात मानसशास्त्र घेतले, आणि तासाला मेरी कव्हर जोन्स या बाईंचे नाव आले, तेव्हा मी बाकावर जवळजवळ उभी राहिले. १९२४ मध्ये या बाईंनी पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. पीटर पांढऱ्या सशाला भीत होता, लोकरीला भीत होता, पिसांनाही भीत होता. बाईंनी ससा पिंजऱ्यात घालून आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, मग रोज थोडा थोडा जवळ आणला. पीटरला त्या वेळी आवडीचा खाऊ मिळे. पण त्याआधी त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, आणि वर्गात ती पटकन सांगून पुढे गेले. न भिणारी तीन मुले पीटरबरोबर खेळायला आणली होती. ती सशाशी खेळत, हा बघे. शेवटी पीटरने ससा मांडीवर घेतला.

आता आपला डबा ऐसपैस पाहा. भीती आहे, पण लांब आहे. न भिणारी मुले समोर आहेत. जवळ कधी जायचे हे भिणाऱ्या मुलाने ठरवायचे. पकडले गेलो तर काय, याचे उत्तर 'काही नाही' असे आहे. फार झाले तर 'टाइमप्लीज' म्हणून मूठ तोंडाशी नेली की सगळा खेळ थांबतो. मोठ्यांच्या जगात अशी सोय मी तरी पाहिली नाही. विषामृतात विष लागून जागच्या जागी थिजलेल्या गड्याला दुसरा गडी हात लावून सोडवतो. थिजणे म्हणजे लाज नाही, कुणीतरी येणार असते. जोन्सबाईंनी प्रयोगशाळेत जे मोजूनमापून केले त्याची रानटी आवृत्ती आपल्या मैदानावर आधीपासून चालू होती, असे मी म्हटले तर मानसशास्त्राचे सर मला माफ करतील अशी आशा आहे.

खेळातून उपचार हे शास्त्र म्हणून पुढे आले ते त्यानंतर. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांचे त्यावरचे पुस्तक १९४७ चे. मूल पुढे, मोठे माणूस मागे. घाई करायची नाही, दिशा दाखवायची नाही, हे त्यांचे म्हणणे. ठाण्याच्या बाई परातीशेजारी गप्प का बसल्या होत्या ते मला पाच इंग्रजी पाने शब्दकोश घेऊन वाचल्यावर कळले. आता हीच खोली उघड्यावर नेली, वाळूच्या परातीऐवजी माती, झाड, उतार, पाऊस आणि इतर मुले आली, म्हणजे मैदानावरचा उपचार. मला वाटते भित्र्या मुलाला खोलीपेक्षा याचा उपयोग जास्त, कारण त्याची भीती खोलीत नसतेच. ती गर्दीत असते, आवाजात असते, पडण्यात आणि हरण्यात असते.

नॉर्वेच्या एलेन सँडसेटर या संशोधक बाईंनी मुलांच्या धोक्याच्या खेळांचा अभ्यास केला आहे. उंचावर चढणे, जोरात पळणे, झोंबाझोंबी, कुणाला न सापडेल असे दडून बसणे, असे त्यांनी प्रकार पाडले. लेफ केनेर यांच्याबरोबर २०११ मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांचे म्हणणे असे की या खेळांतून मूल भीतीची हळूहळू सवय करून घेते, आणि ते खेळ बंद केले तर मुलांच्या भित्या वाढण्याचा संभव आहे. आपल्या सूरपारंब्या आणि लपंडाव त्यांच्या यादीत नेमके बसतात. वडाची पारंबी कुठे उरली आहे हा प्रश्न वेगळा. डेन्मार्कमध्ये सोरेन्सन नावाच्या उद्यानरचनाकाराला दिसले होते की मुलांना रंगवलेल्या झोपाळ्यांपेक्षा अर्धवट बांधकामे आवडतात. १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे लाकडे, विटा, दोऱ्या टाकून दिलेले मैदान मुलांसाठी उघडले गेले. युद्धानंतर लेडी ॲलन यांनी ती कल्पना बॉम्ब पडून उद्ध्वस्त झालेल्या लंडनच्या मोकळ्या जागांत नेली. आमच्या डोंबिवलीत पुनर्विकासाच्या वाळूचे ढीग जागोजागी असतात आणि मुले तिथे जातातच. फक्त तिथे वॉचमन असतो.

पण परदेशाचे दाखले कशाला? आईचे माहेर डहाणू तालुक्यातले. तिकडच्या आजीच्या तोंडून मी 'अनुताई' हे नाव लहानपणीच ऐकले होते. त्या कोण हे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात समजले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर या बायकांनी मुलांना बोल लावला नाही. त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. म्हणून तिचे नाव अंगणवाडी. गुरे राखणारी मुले अंगणातही येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळा कुरणावर गेली आणि तिचे नाव कुरणशाळा झाले. साहित्य काय, तर शंख, शिंपले, बिया, पाने, खडे. मूल जिथे निर्धास्त आहे तिथे शिक्षकाने जायचे आणि त्याच्या हाताला जे सापडते त्यातून सुरुवात करायची. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांसाठी अंगणवाडी हे नाव देशभर गेले. आमच्या वस्तीतली अंगणवाडी दहा बाय दहाच्या खोलीत भरते. नावात अंगण आहे.

आता कुणी म्हणेल, मैदानांवर मुले काय कमी आहेत? पांढरे कपडे, गुडघ्याला पॅड, जाळ्या लावलेल्या. हो, आहेत. आणि इथेच माझे खरे भांडण आहे.

भाऊ 'पक्का' झाल्यावर आम्हाला हुरूप आला. पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी दोन हजार रुपये भरून त्याला क्रिकेटच्या एका शिबिरात घातले. चौथ्या दिवशी त्याने झेल सोडला आणि शिकवणाऱ्याने सगळ्या मुलांसमोर त्याला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. पाचव्या दिवशी सकाळी पोट दुखले. दूध पडले. पुन्हा जून २०२२! पीटरचेही असेच झाले होते: उपचार मध्येच थांबून तो आजारी पडला, इस्पितळातून परत येताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सगळी भीती होती तिथे येऊन बसली. जोन्सबाईंना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मलाही कठड्यावर बसावे लागले. या वेळी कमी दिवस लागले, एवढेच.

शिबिरात जे चालते त्याला खेळ म्हणावे का, याचा विचार व्हायला हवा असे मला वाटते. तिथे कच्चा लिंबू नसतो. टाइमप्लीज नसते. नियम मुलांनी केलेले नसतात आणि भांडणही मुलांनी मिटवायचे नसते. ज्याला खेळ येतो त्याला तिथे आणखी येतो. ज्याला भीती वाटते त्याला आणखी वाटते. मला शिबिरांशी वैर नाही, ज्यांना खेळाडू व्हायचे आहे त्यांनी जरूर जावे. पण संध्याकाळी सहा ते आठ सगळे मैदान तासांच्या हिशेबाने वाटले गेले, तर भित्र्या मुलाने खडे वेचायचे कुठे? डोंबिवलीत भागशाळा मैदान आहे, नेहरू मैदान आहे. कल्याणला सुभाष मैदान, फडके मैदान. ठाण्याला गावदेवी मैदान, ज्याच्या पोटात आता वाहनतळ झाला आहे. लाखोंच्या वस्तीला ही नावे बोटांवर मोजण्याइतकी. त्यातही लग्ने, सभा, प्रदर्शने. १९८९ च्या बालहक्क करारनाम्यात कलम ३१ मुलांच्या खेळण्याच्या हक्काचे आहे, आणि भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. मंडप घालणाऱ्यांपर्यंत ते पोचलेले दिसत नाही.

मुलींचे तर विचारूच नका. मी सहावीत गेले आणि आजी म्हणाली, "आता पुरे झालं उनाडणं." त्यानंतर मी मैदानात पाय ठेवला तो भावाला घेऊनच. त्या वर्षभरात त्या मैदानावर अकरा वर्षांवरच्या किती मुली खेळताना पाहिल्या ते मी एकदा मोजले. तीन. मुलींना भीती वाटत नाही असे नाही. आमच्यात भित्रेपणाला शालीनता म्हणतात, त्यामुळे कुणी डॉक्टरकडे नेत नाही.

एक गोष्ट मात्र नीट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून कुणी आजारी मुलाला मैदानावर सोडून घरी येईल. मैदान म्हणजे दवाखाना नव्हे. जे मूल आठवडेच्या आठवडे शाळेत जात नाही, झोपत नाही, जेवत नाही, स्वतःला इजा करून घेते, जगणे नको म्हणते, त्याला जाणत्या माणसाकडे न्यायलाच हवे, आणि लवकर. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थसारखी संस्था आहे. सरकारी रुग्णालयांतही मनोविकार विभाग असतात. आम्हालाही त्या बाई भेटल्या नसत्या तर मी भावाला 'जा, खेळ' म्हणून ढकलले असते आणि बिघडवले असते. कठड्यावर गप्प बसायला मला कुणीतरी शिकवावे लागले. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात शेकडा ७.३ मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. साठांच्या वर्गात चार. तेवढ्या सगळ्यांसाठी परात घेऊन बसणाऱ्या बाई कुठून आणणार? म्हणून मधली पायरी लागते. ज्यांची भीती अजून फार वाढलेली नाही अशांसाठी.

घरातून एक आक्षेप येतोच: अभ्यासाचे काय? आमच्यासारख्या घरांत तो सर्वात मोठा. आमच्या आईबापांना वाटते की आपण शिकलो नाही म्हणून हे दिवस आले, तेव्हा पोराचा एकही तास वाया जाता कामा नये. मी त्यांना हसत नाही. त्या हट्टामुळेच मी इथे लिहिते आहे. बाबाही सुरुवातीला म्हणाले, "बारा तास रिक्षा मारून मी काय याला मातीत लोळायला पैसे कमावतो?" मी त्यांना एवढेच विचारले की गैरहजेरी लागलेल्या सात दिवसांत त्याने काय अभ्यास केला. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रवासी सोडून येताना त्यांनी रिक्षा मैदानाच्या कडेला लावली आणि दहा मिनिटे बघत उभे राहिले. भावाला दिसणार नाही असे.

आता कामाचे बोलते. राष्ट्रीय सेवा योजनेत आपल्याला वर्षाला १२० तास भरायचे असतात. रस्ते झाडून आणि फलक रंगवून ते भरतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातले काही तास मैदानाच्या कठड्यावर का भरू नयेत? दर रविवारी सकाळी सात ते नऊ, एक मैदान, पाचसहा विद्यार्थी. शिकवायचे काही नाही, स्पर्धा नाही, बक्षीस नाही, फोटो तर मुळीच नाही. जवळच्या शाळांतल्या बाईंना ठाऊक असते की कुणाचे पोट दुखते. त्यांनी त्या मुलांच्या घरी सांगावे. मानसशास्त्र विभागाने आम्हाला आधी दोन दिवस बसून सांगावे की काय करायचे नाही, आणि एखाद्या मुलाचे लक्षण बरे दिसले नाही तर कुणाकडे पाठवायचे. महिन्यातून एकदा कुणीतरी जाणत्याने येऊन आमचे ऐकून घ्यावे. मुलींसाठी सुरुवातीला वेगळी वेळ ठेवावी लागेल, नाहीतर आज्या पाठवणार नाहीत. मग हळूहळू पाहू.

एका सरांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "याचा अहवाल काय लिहिणार? आज आठ मुले आली आणि त्यांनी खडे वेचले?" मी म्हटले, हो सर, तसेच लिहायचे. कोण किती लांब गेला आणि किती वेळा मागे वळून पाहिले, तेही लिहिता येईल. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

भाऊ आता सहावीत आहे. चाचणी परीक्षेच्या सकाळी त्याचे पोट अजून दुखते. आजी त्याला ओवा देते आणि तो जातो. ठाण्याच्या बाईंना मी अजून अधूनमधून फोन करते.

माझ्या वर्गातल्या चौघांनी रविवारचे नाव दिले आहे. आणखी दोघे हवेत. मोबाइल न काढता दोन तास गप्प बसता येईल असे. पालिकेच्या परवानगीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे, त्यावर कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही लागेल. लगोरीच्या सात फरश्या, दोरी आणि एक जुना तेलाचा डबा माझ्याकडे आहे.